पॉलिसी फोनवर, हिशोब दवाखान्यात

२०२१ च्या अखेरीस छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात देवगिरी महाविद्यालयाच्या आसपास चहाला थांबलं की दोनच विषय कानावर यायचे: कोरोनाची तिसरी लाट येणार का, आणि आयपीओ लागला का. लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्या पोरांनी फोनवर डिमॅट खाती उघडली होती, आणि त्याच घरांत दवाखान्यांची लाखालाखाची बिलंही येऊन पडली होती. त्यामुळे आरोग्य विम्याच्या शेअरचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आता जो तो पॉलिसी घेणार, तीही घरबसल्या फोनवर घेणार, म्हणजे पॉलिसी विकणाऱ्याचा शेअर वर जाणार, असं सरळ गणित होतं.

महिन्याभराच्या अंतराने दोन मोठे आयपीओ आले. पहिला पीबी फिनटेकचा, म्हणजे 'पॉलिसीबझार' चालवणाऱ्या कंपनीचा. शेअर ९८० रुपयांना, लॉट १५ चा, म्हणजे १४,७०० रुपये. १५ नोव्हेंबरला बाजारात पहिला सौदा १,१५० च्या घरात झाला. दुसरा स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीचा. शेअर ९०० रुपयांना, लॉट १६ चा, म्हणजे १४,४०० रुपये. राकेश झुनझुनवाला यांची मोठी मालकी असूनही हा आयपीओ पूर्ण भरला नाही, सुमारे ७९ टक्क्यांवर थांबला. १० डिसेंबरला नोंदणी झाली तीसुद्धा ९०० च्या खाली.

पुढच्या चार वर्षांत या दोन शेअर्सनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. पीबी फिनटेक वर्षभरात कोसळून नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेतीनशेच्या घरात आला, आणि तिथून उठून २०२४ संपताना २,००० च्या वर गेला. स्टार हेल्थ ९०० वर कधी टिकला नाही. २०२५ मध्ये तो ३५० च्याही खाली जाऊन आला. दोन्ही कंपन्यांचा बाजार एकच, गिऱ्हाईक एकच, वस्तूही एकच. मग एवढा फरक का पडला, हे उलगडल्याशिवाय 'ऑनलाइन आरोग्य विम्याच्या शेअरला भविष्य आहे का' या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

फरक इतकाच की पॉलिसीबझार पॉलिसी विकते आणि स्टार हेल्थ क्लेम भरते. २००८ साली यशिश दहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरुग्रामला सुरू केलेली पॉलिसीबझार ही विमा कंपनी नाही, तो दलाल आहे. आधी तिच्याकडे फक्त तुलना करून दाखवण्याचा परवाना होता. २०२१ मध्ये तिला थेट दलालीचा परवाना मिळाला. ग्राहक आजारी पडला तर तिच्या खिशातून रुपया जात नाही. तिला विक्रीवर कमिशन मिळतं आणि पॉलिसी दरवर्षी चालू राहिली की रिन्यूअलवर पुन्हा मिळतं. जाहिरातीचा आणि कॉल सेंटरचा मोठा खर्च पहिल्या विक्रीपाशी होऊन जातो. दुसऱ्या वर्षीच्या कमिशनमागे खर्च थोडा, तिसऱ्या वर्षी त्याहून थोडा. म्हणून आधी मोठा तोटा आणि मग एकदम नफा, असा तिचा आलेख आहे. २०२१-२२ मध्ये सुमारे ८३३ कोटींचा तोटा, पुढच्या वर्षी ४८८ कोटींचा, २०२३-२४ मध्ये पहिल्यांदा ६४ कोटींचा नफा आणि २०२४-२५ मध्ये ३५३ कोटींचा. शेअरची चाल याच आकड्यांच्या मागे-पुढे राहिली आहे.

विमा कंपनीचा हिशोब निराळा आहे, आणि तो थोडा सावकाश पाहायला हवा. समजा शंभर रुपये हप्ता आला. त्यातले ६५ ते ७० रुपये क्लेमपोटी दवाखान्यांकडे जातात. एजंट, दलाल, पगार, ऑफिस, जाहिरात यांत उरलेले ३० ते ३५ संपतात. दोन्ही मिळून शंभराच्या खाली राहिलं तर धंद्यात नफा, वर गेलं तर तोटा. या बेरजेला कंबाइन्ड रेशो म्हणतात, आणि आरोग्य विम्याच्या शेअरचं भवितव्य या एका आकड्याभोवती फिरतं. हप्ता आल्यापासून क्लेम जाईपर्यंत पैसे गुंतवून मिळणारं व्याज ही वरची कमाई. पण आयुर्विम्यात पैसा वीस-वीस वर्षं कंपनीकडे राहतो, इथे पॉलिसी बहुतेक वर्षाची, त्यामुळे व्याजावर फार विसंबता येत नाही. स्टारचा २०२१-२२ चा ताळेबंद पाहावा: दुसऱ्या लाटेने कंपनीला वर्षात हजार कोटींहून अधिक तोट्यात नेलं. नंतर नफा परतला, पण २०२३-२४ चा ८४५ कोटींचा नफा पुढच्या वर्षी ६४६ कोटींवर आला. हप्ते वाढत होते, क्लेम त्याहून वेगाने वाढले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'ऑनलाइन' या शब्दाने विमा कंपनीचा खर्च कुठे कमी होतो? विकण्यात. एजंटाला द्यायचं कमिशन वाचतं, कागद वाचतो, शाखा वाचते. म्हणजे शंभरातल्या ३०-३५ मधले काही रुपये. उरलेले ६५-७० रुपये दवाखान्यातच खर्च होतात. उस्मानपुऱ्यात फोनवर पाच मिनिटांत काढलेल्या पॉलिसीचा क्लेम शेवटी याच शहरातल्या एखाद्या दवाखान्याच्या बिलिंग खिडकीवरच येतो. तिथे स्टेंटची किंमत, खोलीचं भाडं, डॉक्टरांची फी, तपासण्यांची यादी हे सगळं ऑनलाइन-ऑफलाइन पाहत नाही. मला वाटतं, गुंतवणूकदारांनी 'ऑनलाइन'ला जेवढी किंमत दिली, त्यातली बरीचशी या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून दिली.

ऑनलाइन विक्रीत आणखी एक धोका दडलेला आहे. एजंट ओळखीतल्या घराला पॉलिसी विकतो तेव्हा त्यात धट्टेकट्टेही येतात, कारण पॉलिसी त्यांच्या गळी उतरवलेली असते. स्वतःहून फोनवर शोधून, चार कंपन्यांचे हप्ते ताडून, कुठला आजार कधीपासून चालतो हे वाचून पॉलिसी घेणाऱ्यांत ज्याला गरज जाणवू लागली आहे असा माणूस जास्त असतो. कंपनीला हे पहिल्या वर्षी कळत नाही. सुरुवातीला नेमक्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, आधीपासूनच्या आजारांना तर कित्येक वर्षांचा. म्हणून नव्या पॉलिसींचा क्लेम कमी दिसतो आणि झपाट्याने वाढणारी कंपनी कागदावर तब्येतीने उत्तम दिसते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रतीक्षा संपते आणि खरा आकडा बाहेर येतो. एप्रिल २०२४ पासून विमा नियामक इर्डाने आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आणला आणि ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादा काढली. ग्राहकाच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. शेअर घेणाऱ्याने मात्र समजून घ्यावं की तो खरा आकडा आता वर्षभर आधी समोर येईल.

क्लेम वाढले की कंपनी हप्ता वाढवते. हप्ता वाढला की तरुण, निरोगी माणूस म्हणतो, 'मी तर कधी दवाखान्यात गेलो नाही, कशाला भरू?' आणि पॉलिसी सोडतो. मधुमेह, रक्तदाब असलेला मात्र सोडत नाही. मागे उरलेल्यांत आजारी जास्त, म्हणून पुढच्या वर्षी क्लेम पुन्हा वाढतो. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं अवघड जातं. त्यात जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर इर्डाला विचारावं लागतं. ज्येष्ठांवर होणारा अन्याय पाहता हे व्हायलाच हवं होतं. पण ज्येष्ठांचा वाटा मोठा असलेल्या कंपनीला वाढलेला खर्च वसूल करायची मुभा आता कमी उरली आहे.

उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीत या कंपन्यांचा ग्राहक नेमका कोण, हेही पाहायला हवं, कारण 'देशातले कोट्यवधी लोक विम्याविना आहेत' या एका वाक्यावर सगळा वाढीचा हिशोब उभा आहे. नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात सुमारे ३० टक्के लोकसंख्येला, म्हणजे ४० कोटी माणसांना, कोणतंच आरोग्य कवच नसल्याचं मांडलं होतं. आकडा मोठा आहे, पण आमच्या शहरात तो असा उलगडतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआयसी आहे. त्याहून वरच्याला बहुधा कंपनीची सामूहिक पॉलिसी असते. गरिबांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. २०२३ मध्ये राज्य शासनाने ती सगळ्या रहिवाशांसाठी खुली करून पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड आहे. आणि कुठेच काही जमलं नाही तर सरकारी घाटी रुग्णालय आहेच.

उरतात ते दुकानदार, छोटे उद्योजक, वकील, क्लासेस चालवणारे, खासगी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाते हे ओळखलेले तरुण अभियंते. हा वर्ग वाढतो आहे आणि पैसे भरण्याइतपत कमावतोही आहे. पण तो ४० कोटींच्या आकड्याइतका मोठा नाही. शासनाची योजना जसजशी पसरेल तसतसा या वर्गाच्या खालच्या थरातला माणूस वर्षाला पंचवीस-तीस हजार भरण्याआधी दोनदा विचार करेल. स्वतंत्र खोली, हवा तो दवाखाना, हवा तो डॉक्टर यांसाठी खासगी पॉलिसी लागणारच, म्हणून बाजार आटणार नाही. पण आयपीओच्या पुस्तिकांतली वाढ आणि महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांतली वाढ एकच असेल, असं मला वाटत नाही.

या वर्गाला पॉलिसी विकायलासुद्धा नुसता फोन पुरत नाही. पॉलिसीबझारने स्वतः 'पीबी पार्टनर्स' या नावाने एजंटांचं जाळं उभारलं, ते याच कारणाने. आमच्याकडे माणूस ऑनलाइन माहिती काढतो, हप्ता ताडून बघतो, आणि मग ओळखीच्या कुणाला तरी विचारून पैसे भरतो. क्लेमच्या वेळी फोन उचलणारं कुणी आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. एजंटांच्या वाटेने धंदा वाढतो, पण त्यात कमिशन वाटून द्यावं लागतं. त्यामुळे विक्रीचा आकडा जेवढा फुगतो तेवढा नफा फुगत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तीस हजारांच्या पॉलिसीला ३५,४०० मोजावे लागायचे, ते ३०,००० वर आले. त्या सुमारास विम्याच्या शेअर्सबद्दल सगळीकडे उत्साह होता. दुसरी बाजू अशी की विमा कंपनी भाडं, सॉफ्टवेअर, कमिशन यांवर जो जीएसटी भरते, तो आधी वळता करून घेता यायचा, आता येत नाही. हा भार कुणीतरी उचलायलाच हवा. अनेक कंपन्यांनी तो कमिशनमधून कापायला सुरुवात केली. म्हणजे ग्राहकाचं भलं झालं, आणि त्याचा काही खर्च दलालाच्या आणि एजंटाच्या खिशातून गेला. पॉलिसीबझारच्या शेअरमध्ये हा धोका कायमचा आहे: तिचं उत्पन्न दुसऱ्यांनी ठरवलेल्या कमिशनवर अवलंबून आहे. २०२३ पासून प्रत्येक पॉलिसीच्या कमिशनवरची मर्यादा काढून एकूण खर्चावर मर्यादा आली, ती स्वतंत्र आरोग्य विमा कंपन्यांसाठी हप्त्याच्या ३५ टक्के. उद्या ही चौकट पुन्हा बदलली किंवा 'बीमा सुगम' हा सार्वजनिक मंच खरोखर सुरळीत चालू लागला, तर दलालाची कमाई थेट आकुंचन पावेल.

आकडे वाचताना आणखी एका बदलाकडे लक्ष ठेवावं. ऑक्टोबर २०२४ पासून तीन वर्षांच्या पॉलिसीचा एकरकमी हप्ता एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरता येत नाही. ६०,००० आले तर यंदा २०,०००, पुढच्या वर्षी २०,०००, त्यापुढे २०,०००. त्यामुळे २०२४-२५ च्या हप्तावाढीचे आकडे आधीच्या वर्षांशी सरळ ताडले तर वाढ मंदावल्याचा भास होतो. त्यातला काही भाग खरा आहे, काही हिशोबाच्या पद्धतीचा.

परदेशात ही वाट आधी कुणी चालून पाहिली आहे का? अमेरिकेतली ईहेल्थ ही पॉलिसीबझारची थोरली बहीण म्हणावी अशी कंपनी. १९९७ ची स्थापना, ऑक्टोबर २००६ मध्ये १४ डॉलरला आयपीओ. २०२० मध्ये शेअर शंभर डॉलरच्या बराच वर होता, २०२२ मध्ये तो पाच डॉलरच्या खाली आला. कारण समजून घेण्यासारखं आहे. ग्राहक इतकी वर्षं पॉलिसी चालू ठेवेल असं गृहीत धरून, पुढे येणारं सगळं कमिशन विक्रीच्याच वर्षी उत्पन्नात दाखवलं जात होतं. नफा कागदावर होता, बँकेत पैसा येत नव्हता. ग्राहक अपेक्षेपेक्षा लवकर पॉलिसी बदलू लागले तेव्हा आधी दाखवलेलं उत्पन्नच खोडावं लागलं. दुसरी कंपनी ऑस्कर हेल्थ. ही खरी विमा कंपनी, २०१२ मध्ये सुरू झालेली, अ‍ॅपभोवती बांधलेली. मार्च २०२१ मध्ये ३९ डॉलरला बाजारात आली आणि २०२२ च्या अखेरीस तीन डॉलरच्या खाली गेली. पहिला वार्षिक नफा दिसला २०२४ मध्ये, सुरू झाल्यावर बारा वर्षांनी. दलालाला रिन्यूअलने बुडवलं आणि विमा कंपनीला क्लेमने. आपल्याकडच्या दोन्ही प्रकारच्या शेअर्सची नस याच दोन ठिकाणी आहे.

बाकीच्या नोंदणीकृत कंपन्यांबद्दल थोडक्यात. निवा बुपा, आधीची मॅक्स बुपा, नोव्हेंबर २०२४ मध्ये ७४ रुपयांना आली आणि २०२५ भर कधी त्या किमतीच्या वर, कधी खाली फिरत राहिली. ती वेगाने वाढते आहे, म्हणूनच प्रतीक्षा काळाबद्दल वर लिहिलेलं तिला सर्वांत जास्त लागू पडतं. गो डिजिटचं नोंदणीकृत कार्यालय पुण्याला शिवाजीनगरात, संस्थापक कामेश गोयल. मे २०२४ मध्ये २७२ रुपयांना आयपीओ आला, आणि विराट-अनुष्का यांच्या गुंतवणुकीमुळे नाव घरोघरी पोचलं. पण तिचा मुख्य धंदा वाहन विम्याचा आहे. आरोग्य विम्याचा शेअर म्हणून तो घेणाऱ्याची दिशाभूल होते. आयसीआयसीआय लोम्बार्ड आणि न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स यांच्याकडे आरोग्य विमा मोठा असला तरी इतर विम्यात मिसळलेला आहे.

आता भावाबद्दल. पीबी फिनटेकचा शेअर १,७०० च्या आसपास धरला तर सबंध कंपनीची किंमत सुमारे ७८,००० कोटी होते. २०२४-२५ चा नफा ३५३ कोटी. म्हणजे एका वर्षाच्या नफ्याच्या दोनशे पटींहून जास्त. स्टारचा शेअर साडेचारशेला धरला तर तिच्या ६४६ कोटींच्या नफ्याची चाळीस-एक पट. पहिल्या भावात पुढची कित्येक वर्षं नफा झपाट्याने वाढेल, कमिशन कमी होणार नाही, आणि दिल्ली परिसरात कंपनीने हाती घेतलेला रुग्णालयांचा नवा उद्योग पैसा खाणार नाही, हे सगळं धरलेलं आहे. दुसऱ्या भावात बाजाराने बरीच निराशा आधीच मोजली आहे. पॉलिसीबझारचा धंदा मला दोन्हींत चांगला वाटतो, पण एवढा भाव देण्याइतका नाही. स्टारचा धंदा कठीण आहे. मात्र सलग चार-सहा तिमाह्या कंबाइन्ड रेशो शंभराच्या खाली राहिला, तर या भावात धीर धरणाऱ्याला जागा आहे, असं माझं मत. उस्मानपुऱ्यातल्या ज्या पोरांनी तेव्हा दोन्ही लॉट घेतले होते, त्यांनी तेव्हा कंबाइन्ड रेशो हा शब्द ऐकला नव्हता. मीही तो पुढे क्लेमच्या कागदांपायीच नीट शिकलो.

आमचे मेहुणे दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात होते. वय ६१, हृदयाची एक नस बंद. सकाळी दहाला डॉक्टरांनी घरी सोडायला सांगितलं आणि विमा कंपनीची अंतिम मंजुरी संध्याकाळी सातला आली. नऊ तास ते कपडे बदलून कॉटवर बसून होते. बहीण खिडकीपाशी उभी, आणि मी फोनवर तीच माहिती चौथ्यांदा सांगत होतो. मंजुरी आली तेव्हा बिलातले बत्तीस हजार कापलेले होते. त्याची कारणं आजही मला पटत नाहीत.

मे २०२४ मध्ये इर्डाने सांगितलं की कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि घरी सोडतानाची तीन तासांत द्यावी. उशिरामुळे दवाखान्याने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरावेत. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ग्राहकाला ताटकळत ठेवण्याचा खर्च शेअर घेणाऱ्याच्या खिशातून जाईल, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. क्लेम अडवून कंबाइन्ड रेशो सुधारणारी कंपनी तिमाही-दोन तिमाही चांगली दिसते. म्हणून मी वार्षिक अहवालात नफ्याआधी तीन गोष्टी शोधतो: किती क्लेम नाकारले, विमा लोकपालाकडे किती तक्रारी गेल्या, आणि जुन्या ग्राहकांपैकी किती टक्क्यांनी पुन्हा हप्ता भरला. पहिल्या दोन वाढत असतील, तर तिसरी वर्षा-दोन वर्षांत घसरते.

२०११ पासून आपल्याकडे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येते, पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ सोबत घेऊन. यंदा रिन्यूअलच्या आधी मेहुण्यांनी तसा अर्ज भरला. हृदयाचा क्लेम झालेला ६१ पार माणूस गेला, याचं त्या कंपनीला वाईट वाटलं नसेल, हिशोबात तो खर्चाचाच माणूस. पण त्या दिवशी खिडकीपाशी त्यांचे दोन्ही मुलगेही उभे होते, एक वाळूजला नोकरी करणारा, एक पुण्याला. दोघांच्या पॉलिसी त्याच कंपनीच्या होत्या. दोघांनीही त्या हलवल्या. तिशीच्या आतल्या त्या दोघांनी पाच वर्षं हप्ते भरले होते आणि एकही क्लेम केला नव्हता.